मेंदूतला फुगवटा, पक्षाघात आणि निवासी डॉक्टरांचा थकवा: एकाच सर्जनच्या संशोधनात हे तीन विषय कसे?

कृष्णाकाठ

सप्रेम नमस्कार. प्रश्न थोडा लांबलचक आहे, पण त्याची दोन्ही टोके माझ्याच घरात असल्यामुळे विचारतो आहे.

माझ्या आईचे वय ६८ आहे. चक्कर येते म्हणून तिच्या मेंदूचा एमआरआय केला, तेव्हा चकरेचे कारण काही सापडले नाही. मात्र उजव्या मिडल सेरेब्रल धमनीच्या फाट्यावर ४ मिलिमीटरचा अ‍ॅन्युरिझम, म्हणजे रक्तवाहिनीचा फुगवटा, असल्याचे अहवालात आले. एका डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा तपासू असे सांगितले, तर दुसऱ्यांनी ‘डोक्यात टाइम बॉम्ब आहे’ असे आईच्या समोरच म्हटले. तेव्हापासून शिंक आली तरी ती दोन्ही हातांनी डोके धरून बसते.

दुसरे टोक म्हणजे माझी भाची. ती एम.सीएच. न्यूरोसर्जरीच्या, म्हणजे मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या शिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. तिला आजीच्या अहवालाबद्दल विचारले, तर ‘मामा, आजीचं मला विचारू नका, मला नीट विचारच करता येत नाही’ असे म्हणून तिने विषय बदलला आणि तिच्या विभागातील एका सरांच्या संशोधनाबद्दल सांगू लागली. हे सर अ‍ॅन्युरिझमवर काम करतात, पक्षाघातावर काम करतात आणि शिकाऊ सर्जन मनाने का खचतात, ज्याला हल्ली ‘बर्नआउट’ म्हणतात, त्यावरही काम करतात. पहिले दोन विषय रक्तवाहिन्यांचे आहेत, हे मला समजते. तिसरा विषय त्यांच्या पंगतीत कसा येऊन बसला, हे मात्र समजत नाही. या तिन्हींत खरोखर काही धागा आहे, की संशोधकाच्या आवडीनिवडीचा हा केवळ योगायोग आहे? आणि आईच्या ४ मिलिमीटरबद्दल आकडे नेमके काय सांगतात?

जुना चिमटा

कृष्णाकाठ, आधी मातोश्रींविषयी लिहितो. मी निवृत्त न्यूरोसर्जन आहे, पण त्यांचा एमआरआय मी पाहिलेला नाही, तेव्हा पुढचे सर्व सर्वसाधारण माहिती म्हणूनच वाचावे.

मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते आणि त्यातून निघणाऱ्या धमन्यांना जिथे फाटे फुटतात, तिथे रक्ताचा मारा भिंतीवर समोरून बसतो. त्या जागी भिंतीतला स्नायूंचा थर विरळ झाला, की सायकलच्या फाटलेल्या टायरमधून ट्यूबचा फुगा बाहेर यावा, तसा फुगवटा येतो. प्रौढांमध्ये सुमारे ३ टक्के लोकांच्या डोक्यात असा फुगवटा असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पूर्वी तो फुटल्यावरच कळायचा. आता चकरेसाठी केलेल्या एमआरआयमध्ये दिसतो. त्यामुळे आजार वाढला नसला, तरी काळजी मात्र वाढली आहे.

न फुटलेल्या फुगवट्यांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. आधी कधी रक्तस्राव झालेला नाही आणि फुगवटा ७ मिलिमीटरपेक्षा लहान असून मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांवर आहे, अशा गटात पाच वर्षांत फुटण्याचे प्रमाण शून्य टक्के निघाले. त्याच जागी २५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या फुगवट्यांत ते ४० टक्के होते. हा शून्याचा आकडा आम्हा सर्जन मंडळींच्या घशाखाली सहज उतरला नव्हता, कारण कॅज्युअल्टीत आम्ही ५ मिलिमीटरचे फुटलेले फुगवटे नेहमी पाहत होतो. त्याचे एक कारण असे, की लहान फुगवटे संख्येनेच इतके आहेत की त्यांतला अगदी किरकोळ हिस्सा फुटला, तरी आमचा वॉर्ड भरतो. दुसरे असे, की ज्यांचा फुगवटा दिसायलाच वेडावाकडा होता, त्यांच्यावर आधीच उपचार होऊन ते या गटातून बाहेर पडले असणार. जपानमध्ये २०१२ साली ५,७२० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ३ मिलिमीटर आणि त्यापुढच्या सर्व आकारांचे फुगवटे मिळून फुटण्याचे प्रमाण वर्षाला ०.९५ टक्के होते.

सध्या वापरात असलेली ‘फेझेस’ ही गुणपद्धती २०१४ सालची आहे. तीत वंश-प्रदेश, रक्तदाब, वय, आकार, पूर्वीचा रक्तस्राव आणि फुगवट्याची जागा या सहा गोष्टींना गुण देतात. तुमच्या मातोश्रींना जागेचे २ गुण मिळतील, ७ मिलिमीटरपेक्षा लहान आकाराचा एकही नाही, आणि रक्तदाबाचा विकार असल्यास आणखी १. दोन गुणांना पाच वर्षांत फुटण्याचा धोका ०.४ टक्के आणि तीन गुणांना ०.७ टक्के धरतात. सत्तरी गाठल्यावर त्यांना वयाचा एक गुण मिळेल, तेव्हा घाबरून जाऊ नका. हा हिशेब युरोप, अमेरिका आणि जपानमधील रुग्णांवर बेतलेला आहे, हेही लक्षात ठेवावे. तरीही या आकड्यांवरून ‘टाइम बॉम्ब’ हा शब्द रुग्णासमोर उच्चारणे मला गैर वाटते. शिंकेची धास्ती घेण्यापेक्षा रक्तदाबाची गोळी चुकू न देणे, घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असल्यास ती बंद करणे आणि ठरलेल्या तारखेला पुन्हा चित्र काढणे, हे अधिक कामाचे आहे. मात्र आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी क्षणात, वीज पडावी तशी आली, तर गोळी देऊन वाट पाहत बसू नये. थेट सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्यावे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. माझ्या मते धागा आहे आणि तो शस्त्रक्रियेच्या टेबलावरून जातो.

वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली बाल्टिमोरला फुगवट्याच्या मानेवर, म्हणजे तो धमनीला जोडलेला असतो त्या अरुंद भागावर, धातूची क्लिप बसवून त्यात जाणारे रक्त बंद केले, तेव्हापासून अर्धे शतक हे काम निःशंकपणे न्यूरोसर्जनचे होते. १९९० साली लॉस एंजेलिसमध्ये ग्युलिएल्मी यांनी मांडीच्या धमनीतून बारीक नळी नेऊन फुगवट्यात प्लॅटिनमची कॉइल, म्हणजे बारीक तारेचे वेटोळे, भरण्याची रीत प्रत्यक्षात आणली. मग २००२ साली ऑक्सफर्डहून चालवलेल्या ‘आयसॅट’ चाचणीचे निष्कर्ष आले. फुटलेल्या फुगवट्यांचे २,१४३ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले होते. वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण क्लिपच्या गटात ३०.६ टक्के होते, कॉइलच्या गटात २३.७ टक्के. चाचणीवर टीका पुष्कळ झाली. ९,५५९ रुग्ण तपासून त्यांतले एवढेच घेतले, ही टीका रास्तही होती. पण काटा हलला तो हललाच.

याचा परिणाम शिकणाऱ्यांवर काय झाला, ते बघा. आमच्या वेळी फुगवटा फुटला, की ती केस आमच्याकडेच यायची. आता बऱ्याच ठिकाणी पहिला फोन कॅथलॅबला, म्हणजे धमनीतून नळी घालून उपचार करतात त्या विभागाला, जातो. क्लिपसाठी उरतात ते रुंद मानेचे, अडचणीच्या फाट्यावरचे, कॉइल न मावणारे फुगवटे. म्हणजे जे सोपे होते आणि ज्यावर शिकता येत होते, तेच गेले. राहिले ते अवघड, आणि अवघड काम कोणी शिकाऊ हातात देत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली फुगवट्याची मान मोकळी करताना मूळ धमनीवर तात्पुरती क्लिप लावून तिचे रक्त थांबवलेले असते आणि मागून भूलतज्ज्ञ शांत आवाजात ‘तीन मिनिटं… चार मिनिटं…’ असे मोजत असतात. त्या चार मिनिटांत चिमटा कुठे थांबवायचा, हे शेजारच्या पडद्यावर पाहून येत नाही. त्याला हातच घालावा लागतो. तो घालायला मिळत नाही, तेव्हा शिकणारा मनाने खचतो, असा माझा तर्क आहे; तुमचा तिसरा विषय पंगतीत येतो तो इथे. आपल्याकडे कॉइलच्या किमतीमुळे सरकारी रुग्णालयांत क्लिपचे काम अजून बऱ्यापैकी होते, हे शिकणाऱ्यांच्या दृष्टीने बरे म्हणायचे की रुग्णांच्या दृष्टीने वाईट, यावर माझे मत दर वर्षी बदलते.

रात्रपाळी

मी याच शाखेत शेवटच्या वर्षाचा निवासी डॉक्टर आहे. चिमटासरांनी जे तर्काने मांडले, त्याला आधार देणारा एक अभ्यास आहे. २०१८ साली ‘जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी’मध्ये अमेरिकेतील न्यूरोसर्जरीच्या निवासी डॉक्टरांची देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तरे देणाऱ्या ३४६ जणांपैकी ६७ टक्क्यांत बर्नआउट आढळला. ८१ टक्के जण आपल्या शाखेबद्दल समाधानी होते आणि तरीही ४१ टक्क्यांनी कधी ना कधी सोडून जाण्याचा गंभीरपणे विचार केला होता. बाहेरच्या माणसाला ही विसंगती वाटेल, मला अजिबात वाटली नाही. पण या पाहणीत मला सर्वांत बोलका वाटला तो भाग पुढचा आहे: बर्नआउटशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट निघाली ती शस्त्रक्रियेची अपुरी संधी. त्याखालोखाल घरचे, कामाबाहेरचे ताण आणि शिक्षकांची वैरभावाची वागणूक. ज्यांना खरोखर पाठीशी उभा राहणारा गुरू लाभला होता, त्यांच्यात प्रमाण कमी होते.

माझ्या एका रात्रीचा दाखला देतो. पक्षाघातात मेंदूचा मोठा भाग मरतो, तेव्हा तो सुजतो आणि कवटीत जागा नसल्यामुळे उरलेल्या मेंदूला चिरडतो. अशा वेळी कवटीचे तळहाताएवढे हाड काढून सूज बाहेरच्या बाजूला येऊ द्यावी लागते. युरोपातील तीन चाचण्यांच्या ९३ रुग्णांचा २००७ साली एकत्र हिशेब केला, तेव्हा साठीच्या आतल्या रुग्णांत ही शस्त्रक्रिया ४८ तासांत केल्यास वर्षभराने ७८ टक्के जिवंत होते, न केल्यास २९ टक्के. ही शस्त्रक्रिया बहुधा मध्यरात्री निघते आणि ती बऱ्याचदा आम्ही निवासी डॉक्टरच करतो, कारण ती तातडीची असते आणि क्लिपच्या मानाने सरळ असते. गेल्या पावसाळ्यात पहाटे अडीचला अशी एक केस संपवून मी ते हाड रुग्णाच्या पोटावरच्या त्वचेखाली कप्पा करून ठेवले. काही महिन्यांनी परत बसवायचे असते, म्हणून तिथे जपून ठेवतात. टाके घालताना मी जागा होऊन बावीस तास झाले होते आणि खरे सांगतो, मला थकवा जाणवत नव्हता.

थकवा जाणवला तो त्याआधीच्या सोळा तासांचा. रक्तपेढीच्या खिडकीवर उभे राहणे, सीटीचा अहवाल हातोहात आणणे, वॉर्डबॉय जागेवर नाहीत म्हणून स्वतःच ट्रॉली ढकलणे, बारा डिस्चार्ज कार्डे लिहिणे, एकाच रुग्णाच्या पाच नातेवाइकांना पाच वेळा तेच समजावणे, आणि राउंडला सगळ्यांसमोर ‘एवढंही जमत नाही?’ हे ऐकून घेणे. यातल्या एकाही कामाने मी सर्जन होत नाही. आमच्या विभागात या कामांचे प्रमाण आणि ओटीतल्या, म्हणजे शस्त्रक्रियागृहातल्या, तासांचे प्रमाण यांचा हिशेब कोणीही ठेवत नाही.

नियमांचे म्हणाल तर ते आहेत. निवासी डॉक्टरांनी सलग बारा तासांहून आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम करू नये, असा केंद्राच्या निवासी योजनेचा निर्देश १९९२ सालचा आहे. म्हणजे माझ्या जन्माआधीचा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने २०२४ साली आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि एक साप्ताहिक सुट्टी सुचवली. ‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या संपांच्या मागण्यांत विद्यावेतन, वसतिगृह आणि सुरक्षा यांच्यासोबत तासांचा मुद्दाही येतो. पण ओटीत किती वेळ मिळाला, ही मागणी घेऊन संपावर गेलेला मी अजून कोणी पाहिलेला नाही.

आकडेमोड

मी वैद्यकीय संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडा विरजणाचा चमचा घालतो.

‘रात्रपाळी’ यांनी सांगितलेल्या पाहणीला फक्त २१ टक्के निवासी डॉक्टरांनी प्रतिसाद दिला होता. उरलेले ७९ टक्के सुखात होते म्हणून गप्प बसले की इतके दमले होते की प्रश्नावली उघडलीच नाही, हे कळायला मार्ग नाही. त्यामुळे ६७ हा आकडा न्यूरोसर्जरीच्या सर्व शिकाऊ डॉक्टरांचा आहे, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. शस्त्रक्रियेची अपुरी संधी असलेल्यांत बर्नआउटचे ‘ऑड्स’, म्हणजे बर्नआउट असलेले आणि नसलेले यांचे गुणोत्तर, साडेसात पट निघाले, हे खरे. परंतु जिथे दोन तृतीयांश लोकांना मुळातच बर्नआउट आहे, तिथे ऑड्स साडेसात पट म्हणजे प्रमाण साडेसात पट असा अर्थ होत नाही, होऊही शकत नाही. शिवाय ही एकाच वेळी घेतलेली पाहणी आहे. संधी मिळाली नाही म्हणून माणूस खचला, की खचलेल्या माणसाला मिळालेली संधीही अपुरी वाटू लागली, हे त्यातून ठरत नाही. बर्नआउट मोजण्याची मास्लाक यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली १९८१ सालापासून वापरात आहे. ती भावनिक थकवा, रुग्णाकडे माणूस म्हणून न पाहणे आणि आपल्या हातून काही साधते आहे ही जाणीव, असे तीन भाग स्वतंत्रपणे मोजते. चिमटासरांचा तर्क खरा असेल, तर तिसऱ्या भागावर त्याचा ठसा सर्वांत आधी उमटायला हवा. तसे कोणी तपासले तर मला वाचायला आवडेल.

दुसरे असे, की या चर्चेत तासांचा प्रश्न उगाच मागे पडतो आहे. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल केल्यावर काही तासांत मरण पावली, त्यावरून उठलेल्या वादातून त्या राज्यात १९८९ साली आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली आणि २००३ साली ती अमेरिकेभर लागू झाली. बोस्टनच्या अतिदक्षता विभागांत झालेल्या २००४ सालच्या अभ्यासात लांब पाळ्या करणाऱ्या इंटर्नकडून गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक झाल्या. याच्या उलट बाजूला २०१६ सालची ‘फर्स्ट’ चाचणी आहे: शल्यचिकित्सेच्या ११७ प्रशिक्षणक्रमांत ८० तासांची चौकट ठेवून पाळीच्या लांबीचे बंधन सैल केले, तरी रुग्णांच्या मृत्यूत किंवा गंभीर गुंतागुंतीत वाढ झाली नाही. मात्र ८० तासांच्या आत पाळी कशीही बसवा, याचा अर्थ शंभर तास चालतील असा नव्हे, आणि आपल्याकडे हा फरक सोयीस्करपणे गाळला जातो.

कृष्णाकाठ यांची भाची या शाखेत आहे म्हणून आणखी एक नोंद करतो. अमेरिकेतील ७,४०९ शल्यशाखेच्या निवासी डॉक्टरांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत बर्नआउटचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांपेक्षा अधिक दिसले. पण भेदभाव, शिवीगाळ आणि लैंगिक छळ यांचा अनुभव हिशेबात घेतल्यावर तो फरक उरलाच नाही. स्त्रिया मनाने हळव्या असतात म्हणून त्यांना ही शाखा झेपत नाही, असे जे ज्येष्ठ मंडळी चहाच्या टेबलावर म्हणतात, त्याला या आकड्यांत काहीही आधार नाही.

तिसरी पाळी

मी न्यूरो आयसीयूत परिचारिका आहे. एवढेच लिहिते, की फुटलेल्या फुगवट्याच्या रुग्णाचा खरा पहारा शस्त्रक्रियेनंतर सुरू होतो. चौथ्या दिवसापासून साधारण दोन आठवडे धमन्या आखडण्याची भीती असते. त्यासाठी निमोडिपिनची गोळी दर चार तासांनी, रात्री दोनला आणि पहाटे सहालासुद्धा, असे एकवीस दिवस चालते. दर तासाला डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या, हात उचलायला सांगायचे, नाव विचारायचे. रुग्णाचा हात किंचित खाली आला, हे आधी आम्हाला दिसते आणि आम्ही निवासी डॉक्टरांना फोन करतो. तो फोन उचलणारा माणूस कोणत्या अवस्थेत आहे, यावर पुढचा अर्धा तास अवलंबून असतो. ‘येतो’ म्हणून बसल्या जागी परत झोपी गेलेली मुले मी पाहिली आहेत आणि त्यांना हलवून उठवलेही आहे. त्यांच्यावर राग धरता येत नाही. म्हणून फुगवट्यावर संशोधन करणाऱ्या सरांनी या मुलांवरही संशोधन करावे, यात मला नवल वाटले नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. आईला रक्तदाबाचा विकार आहे, म्हणजे तीन गुण, ०.७ टक्के. तिला मी शंभर नव्हे तर हजार माणसे डोळ्यांसमोर आणायला सांगितली आणि त्यांतली सातच म्हटल्यावर ती म्हणाली, ‘त्या सातांत मी नाही हे कशावरून?’ याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तरी रक्तदाबाचे यंत्र आणले आहे, ती रोज सकाळी वहीत आकडा लिहिते आणि पुढच्या एमआरआयची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. शिंकताना डोके धरणे चालूच आहे.

भाचीला हा धागा पाठवला होता. काल रात्री बाराला दहा कमी असताना तिचा फोन आला. आवाज घोगरा होता, जेवली नव्हती. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, ‘मामा, आज सरांनी क्लिपच्या केसमध्ये सिल्व्हियन फिशर मला उघडू दिली.’ ते काय असते हे मला कळले नाही, मी नुसते ‘छान’ म्हटले. ती वीस मिनिटे बोलत होती.

जुना चिमटा

मेंदूच्या दोन खंडांमधली ती फट असते. तुमच्या मातोश्रींचा फुगवटा ज्या फाट्यावर आहे, तिथे जायची वाट तिच्यातूनच जाते. किती सेंटिमीटर उघडली आणि शिरा सगळ्या राखल्या का, तेवढे तिला विचारून इथे लिहा.